मांजर, घोडा आणि आमचे अण्णाकाका

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही गोष्ट मराठी माणसाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. का मिटते, तेही ठाऊक असते. आपण डोळे मिटले की जगालाही आपण दिसत नाही, अशी तिची समजूत असते म्हणे. वाटीभर दुधासाठी त्या बिचारीवर चोरी, लबाडी आणि आत्मवंचना असे तीन आरोप आपण एकाच म्हणीत ठेवले, आणि पुढे ती म्हण मंत्र्यांपासून हेडक्लार्कापर्यंत दिसेल त्याला लावत आलो. पण मांजर दूध पिते म्हणजे नेमके काय करते, हे पाहायला आपल्यापैकी कोणी कधी वाकले नाही. वाकून उपयोगही नव्हता म्हणा. तिची जीभ सेकंदाला चारेक वेळा बाहेर येऊन आत जाते. आपल्या डोळ्यांना त्यातून दिसते ते एवढेच, की काहीतरी गुलाबी लवलवते आहे आणि दूध कमी होते आहे.

शेवटी २०१० साली अमेरिकेतल्या चार संशोधकांनी ते पाहिले. त्यांच्यातल्या एकाच्या घरी मांजर होती आणि न्याहारी करता करता त्याचे लक्ष तिच्याकडे गेले. (आपल्याही न्याहारीला मांजर असते, पण आपले लक्ष ती आपल्या बशीला तोंड लावत नाही ना, इकडे असते.) त्यांनी जलदगती कॅमेरा लावला, तेव्हा असे दिसले, की मांजर जिभेची वाटी वगैरे काही करत नाही. ती जिभेचे टोक मागे वळवते, दुधाला नुसते टेकवते आणि झटकन वर ओढते. जिभेला चिकटून दुधाचा एक बारीक खांब उभा राहतो. तो आपल्या वजनाने कोसळणार, तोच मांजर तोंड मिटते आणि खांबाचा वरचा तुकडा पळवते. हनुवटीला थेंब नाही, मिशा कोरड्या. बशीत ओतून फुर्र करीत चहा पिणाऱ्या आमच्या पिढीने मान खाली घालावी अशी ही कला आहे.

डोळ्यांचा प्रश्न त्या मंडळींनी घेतला नव्हता. त्यांना जिभेत रस होता. म्हणजे आपल्याला इतकी वर्षे ‘का’चे उत्तर तोंडपाठ होते आणि ‘कसे’चा पत्ता नव्हता. मला वाटते, माणसाच्या बऱ्याचशा ज्ञानाची तऱ्हा हीच आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड रात्री दोन वाजता पलंग का सरकवते, याबद्दल आमच्या जिन्यात चार ठाम मते आहेत. तो पलंग आहे की शिवणयंत्र, हे मात्र कोणी पाहिलेले नाही.

या जलदगती चित्रणात जादू काही नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रे दाखवतो. घेताना २४० घेतली आणि दाखवताना २४ दाखवली, की एका सेकंदाचे दहा सेकंद होतात. अडचण असते ती उजेडाची. सेकंदाचे जितके जास्त तुकडे कराल तितका प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी. एकत्र कुटुंबात खोबऱ्याची वडी वाटावी तसे. म्हणून भगभगीत दिवे लावावे लागतात. पूर्वी हे प्रयोगशाळेतच होई. आता हे यंत्र पोरासोरांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. आमच्या सोसायटीतला मोत्या नावाचा कुत्रा पावसात भिजून येतो आणि नेमका माझ्या धुतलेल्या लेंग्याशेजारी अंग झाडतो. माझ्या भाच्याने एकदा त्याचे चित्रण करून दाखवले. मोत्याचे कातडे हाडांना सोडून स्वतंत्रपणे डावीकडे निघाले होते, कान उजवीकडे, आणि ओठ अद्याप निर्णय घेत होते. चेहऱ्यावर भाव असा, की वर्गात गोंगाट चालू असताना डुलकीतून जागे झालेले मुख्याध्यापक. या अंग झाडण्याचाही २०१२ साली अभ्यास झालेला आहे. मोठा कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा हलतो, उंदीर त्याच्या कितीतरी पट. जितका जीव लहान तितके पाणी झटकायला जास्त जोर हवा. हे मात्र मला कॅमेऱ्याशिवायही पटले असते.

सगळ्याची सुरुवात घोड्यापासून झाली. लेलँड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेतला मोठा धनी आणि घोड्यांचा शौकीन. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी एकदम जमिनीवरून सुटतात का, असा त्याला प्रश्न पडला. यावर त्याने पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती अशी कथा आहे. तिला पुरावा नाही. पण पैज असल्याखेरीज श्रीमंत माणूस असल्या प्रश्नात पैसा घालील, हे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून ती कथा जगली. (इथेही ‘का’ आपणच पुरवला.) त्याने एडवर्ड मायब्रिज या इंग्लंडात जन्मलेल्या छायाचित्रकाराला कामाला लावले. जून १८७८ मध्ये पालो आल्टो इथे धावपट्टीलगत एका ओळीत बारा कॅमेरे मांडले, समोर पांढरा पडदा उभा केला, पट्टीवर आडवे दोरे ताणले आणि घोडी सोडली. एकेक दोरा तुटे तसा एकेक कॅमेरा उघडून मिटे.

पाय सुटतात, हे सिद्ध झाले. पण चित्रकारांनी शतकानुशतके दाखवले तसे नव्हे. चित्रातला घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे असे ताणून, व्यायामशाळेतल्या दंड काढणाऱ्यासारखा हवेत असतो. खरा घोडा हवेत असतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा केलेले असतात, गर्दीच्या बसमध्ये पिशवी सावरून बसलेल्या माणसासारखे. पॅरिसचा मेसोनिये नावाचा चित्रकार घोड्यांच्या अचूकपणाबद्दल इतका नावाजलेला, की घोड्याशेजारून जाता यावे म्हणून त्याने आपल्या आवारात छोटे रूळ टाकून घेतले होते. रुळांवरून इतके पाहूनही जे दिसले नव्हते, ते मायब्रिजच्या कागदावर समोर आले, तेव्हा त्याला किती जड गेले असेल ते बघा. रोदँ या शिल्पकाराने मात्र हार मानली नाही. त्याचे म्हणणे असे, की छायाचित्रच खोटे बोलते, कारण काळ असा कधी थांबतच नाही; ताणलेला घोडा काढणारा जेरिको खरा, कारण त्याच्या घोड्याकडे पाहिल्यावर तो धावतो आहे असे वाटते.

मी लहानपणी हे वाचले असते तर रोदँला हसलो असतो. आता तितका हसत नाही. जमिनीला पाय न लागणे ही आपल्याकडे देवांची खूण आहे. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन बसले, तेव्हा तिने त्यांना ओळखले ते अशाच खुणांवरून. त्यांचे पाय भूमीला टेकत नव्हते, त्यांना घाम नव्हता, सावली नव्हती आणि त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. कॅमेऱ्याची जात ही त्यातलीच. पापणी न लवणारा, घाम न येणारा. आणि दमयंतीने माळ घातली ती घामाघूम, धुळीने माखलेल्या, पापण्या लववणाऱ्या माणसाला. ती राजकन्या होती, तिला निवड होती. आपल्याला दोन्ही हवे असते. घोडा कसा धावतो तेही कळायला हवे, आणि तो धावतो आहे असे वाटायलाही हवे.

इथपर्यंत प्रकरण डोळ्यांचे होते. ते नीतीत शिरले ते पुन्हा एका मांजरीमुळे. एतिएन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मायब्रिजचा समकालीन. त्याने १८८२ मध्ये बंदुकीसारखा कॅमेरा केला होता. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रे. तो उडत्या पक्ष्यांवर नेम धरी आणि एकही पक्षी पाडत नसे. या मारेने १८९४ मध्ये मांजर उलटी धरून वरून सोडली आणि तिची चित्रमालिका घेतली. मांजर चार पायांवर पडते हे सर्वांना ठाऊक होते. पण विद्वानांचे म्हणणे असे, की हवेत आधाराला काही नसताना स्वतःला फिरवणे गतिशास्त्राच्या विरुद्ध आहे, तेव्हा ती सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन वळत असणार. म्हणजे पुन्हा लबाडी! चित्रांत दिसले, की सुटताना ती मुळीच वळत नाही. सुटल्यावर ती कमरेत वाकते, पुढचे पाय आखडून पुढचा अर्धा भाग फिरवते, मागचे पाय पसरलेले ठेवून मागचा अर्धा भाग धरून ठेवते, आणि मग उलट करते. अर्ध्या अंगाने दुसऱ्या अर्ध्या अंगाचा आधार घ्यायचा. मध्यमवर्गीय संसार महिनाअखेरीला याच तत्त्वावर चालतो.

मांजर निर्दोष सुटली. पण ती चित्रे छापताना ‘नेचर’ या गंभीर नियतकालिकाला राहवले नाही. मांजरीच्या चेहऱ्यावर मानहानी झाल्याचा भाव आहे, त्यावरून तिला शास्त्रीय संशोधनात रस नसावा, अशा अर्थाचा शेरा त्याने मारला. विनोद म्हणून ठीकच आहे. पण बघा, हालचाल संथ झाली रे झाली की आपण लगेच चेहरा वाचायला लागतो.

पालीचेच घ्या. पाल अंगावर पडली तर काय फळ, याचा पल्लीपतन म्हणून पंचांगात स्वतंत्र भाग असतो. डोक्यावर पडली तर हे, खांद्यावर पडली तर ते. पाल पडते कशी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी शिल्लक ठेवला होता, तो कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी २००८ मध्ये घेतला. आशियातल्या घरांतून राहणारी एक पाल उताणी सुटली, की शेपटी गर्रकन फिरवून साधारण एक दशांश सेकंदात सुलटी होते आणि पायांवर उतरते. तेवढ्या वेळात आपल्या तोंडातून ‘ई’ची वेलांटीसुद्धा निघत नाही.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीचे चित्रण झाले. सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने चित्रे. वरून काळी तबकडी येताना दिसली, की माशी उडण्याच्या सुमारे एक पंचमांश सेकंद आधी पाय हलवून अंगाचा तोल बदलते. संकट समोरून असेल तर मधले पाय पुढे, अंग मागे. म्हणजे उडी मागच्या बाजूला. संशोधकांनी यासाठी चक्क नियोजन या अर्थाचा शब्द वापरला, आणि माशी मारायची तर ती बसली आहे तिथे न मारता थोडे पुढे, ती जिकडे उडेल तिकडे मारा, असा सल्लाही दिला. मी तो ऐकला. नुकतीच एक माशी दिवाळी अंकाच्या गुंडाळीने मेली. मेल्यावर मला उगाचच वाटले, की आपण एका योजना आखणाऱ्याला मारले. कॅमेरा येण्याआधी मी आयुष्यात शेकडो माश्या मारल्या, पण त्यांतली एकही मला नियोजन मंडळावरची वाटली नव्हती.

हे वाटणे भाबडे नाही, त्याला पुरावा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. दरोड्यातल्या गोळीबाराची एकच चित्रफीत काहींना मूळ वेगाने दाखवली, काहींना संथ करून. संथ पाहणाऱ्यांना गोळी झाडणाऱ्याने ते अधिक समजून-उमजून, ठरवून केले असे वाटले. बोट तेच, चाप तोच. पण पडद्यावर वेळ जास्त दिसला, म्हणून त्याला विचार करायलाही तेवढा वेळ मिळाला असणार, असे मनाने परस्पर धरले. खरी वेळ पडद्यावर आकड्यांत दाखवली तरी हा परिणाम पुरता गेला नाही. माणूस फाशी जाण्याइतका ‘हेतू’ नुसत्या चक्राच्या गतीतून निर्माण होऊ शकतो, हे वाचून मी चष्मा पुसला.

कोणी म्हणेल, मग क्रिकेटमध्ये कसे चालते? तिथे चालते, कारण तिथे प्रश्नच निराळा असतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानला सचिन तेंडुलकर धावबाद झाला. तिसऱ्या पंचाने चित्रफीत पाहून बाद दिलेला तो पहिला फलंदाज. तिथे विचारले होते ते एवढेच, की यष्ट्या उडाल्या तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की बाहेर. बॅट ‘कुठे’ होती. ती उशिरा ‘का’ आली हे पंच विचारत नाही. ते आपण पानाच्या ठेल्यावर विचारतो.

आणि हेतूच पाहायचा तर त्याला चित्रफीत लागतेच असेही नाही. घोड्याला हवेत पकडणाऱ्या त्या मायब्रिजनेच १८७४ साली बायकोच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले होते. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, आधी बोट, मग आगगाडी, मग घोडागाडी असा काही तासांचा प्रवास करून, दार ठोठावून, माणूस बाहेर आल्यावर. इतका ऐसपैस, उघडा, तिकीट काढून केलेला हेतू मी दुसऱ्या खटल्यात वाचलेला नाही. १८७५ च्या फेब्रुवारीत जूरीने त्याला सोडून दिले. नवऱ्याच्या जागी आपणही हेच केले असते, असे त्या बारा जणांना वाटले. अर्ध्या सेकंदाचा हेतू फासापर्यंत नेतो आणि अर्ध्या दिवसाचा घरी पाठवतो, तेव्हा चित्रांपेक्षा पाहणाऱ्यांवर बरेच अवलंबून असते म्हणायचे.

हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे, कारण आमच्या घराण्याने अशाच एका अर्ध्या सेकंदावर चोवीस वर्षे काढली आहेत. १९८७ मध्ये माझ्या ताईचे लग्न झाले. आमच्या वडिलांनी, नानांनी, त्यांचे चुलतभाऊ अण्णाकाका यांना मानाचे उपरणे आणि नारळ दिला. अण्णाकाकांनी तो घेताना तोंड वाकडे केले, मान फिरवली आणि नारळ डाव्या हाताने घेतला. मी तेव्हा जिलब्या वाढत होतो, म्हणून मी काहीच पाहिले नाही. बाकी सर्वांनी पाहिले, जे मांडवात नव्हते त्यांनीसुद्धा. अपमान कोणी कोणाचा केला, यावर दोन पक्ष पडले. त्या मे महिन्यापासून रत्नागिरीहून येणाऱ्या हापूसच्या दोन पेट्या बंद झाल्या. मुंजीची निमंत्रणे पोस्टाने जाऊ लागली, मग तीही थांबली. २००४ मध्ये नाना गेले तेव्हा अण्णाकाका आले, पण स्मशानाच्या फाटकाशी उभे राहिले, आत आले नाहीत. राग म्हणून आले नाहीत की गुडघे म्हणून, यावर पुन्हा दोन पक्ष. २०११ मध्ये अण्णाकाकाही गेले.

मग पुढची पिढी. ताईचा मुलगा आणि अण्णाकाकांचा नातू बंगलोरला एकाच इमारतीत नोकरीला लागले, एका खोलीत राहिले आणि घरचे भांडण वारसाहक्काने घ्यायला दोघांनीही नकार दिला. त्या दोघांनी मिळून लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कुठून तरी उतरवून संगणकात घातली आणि गेल्या दिवाळीत सगळ्यांना जमवले. काकूही आल्या. एवढ्या वर्षांनी आमच्या घरात त्या पहिल्यांदाच पाटावर न बसता सोफ्यावर बसल्या, कारण पाट आता नाहीत.

भाच्याने ‘तो’ प्रसंग लावला आणि संथ केला. आता यातली मेख सांगतो. मांजरीची जीभ दिसली, कारण घेतानाच चित्रे भरपूर घेतली होती. आमच्या व्हिडिओवाल्याने घेतली सेकंदाला पंचवीस. म्हणजे अर्ध्या सेकंदाची झाली बाराच, मायब्रिजच्या घोडीइतकी. ती कितीही सावकाश फिरवली तरी तेराव्याची भर पडत नाही. पण आम्ही सारे पुढे सरकून बसलो. पहिल्या चित्रात अण्णाकाका हसत आहेत. चौथ्यात व्हिडिओवाल्याच्या पोऱ्याने धरलेला तो डोळे जाळणारा दिवा त्यांच्याकडे वळलेला दिसतो. सहाव्यात तोंड वाकडे. आठव्यात मान पलीकडे. उजवा हात व्याह्यांच्या मामांच्या भक्कम पाठीमागे गेला आहे; त्यात काही आहे की नाही, ते मामांनाच ठाऊक.

“बघ, दिवा डोळ्यांवर आला,” ताई म्हणाली.

“दिव्याच्या आधीच ओठ हलले आहेत,” आमचे धाकटे बंधू म्हणाले. “मागे घे.”

मागे घेतले. पुढे घेतले. पुन्हा मागे. अण्णाकाका नारळाकडे निघत होते आणि मागे फिरत होते. पाचवे चित्र त्या दिवशी आमच्याकडे निदान वीस वेळा पाहिले गेले, आणि जो ज्या पक्षातून आला होता त्याला त्यात त्याचाच पुरावा मिळाला. फराळाची ताटे तशीच राहिली. शेवटी काकू म्हणाल्या, “हे असे काय चालतायत रे? पाण्यात बुडाल्यासारखे?”

“आजी, स्लो मोशन आहे,” त्यांचा नातू म्हणाला. “नीट दिसावं म्हणून.”

“काढ ते. ह्यांचं सगळं कसं झटपट असायचं. नेहमीसारखं लाव.”

त्याने लावले. दिवा लकाकला, अण्णाकाका वळले, नारळ घेतला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

“पुन्हा लाव,” काकू म्हणाल्या.